तीन तारांवरचे नटबोल्ट

प्रिय भाऊजींस,

तुम्ही वयाने माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आणि नात्याने धाकटे, त्यामुळे पत्राच्या सुरुवातीला तुम्हाला नमस्कार लिहावा की आशीर्वाद, हा घोळ लग्न झाल्यापासून मला सुटलेला नाही. दोन्ही लिहिते, लागेल तो ठेवून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाईंच्या दाढेचं काय झालं? (काढली असेल तर सुटल्या, नसेल तर माझ्या नावाने रागवा आणि काढायला लावा.) माझं ठीक आहे. ठीक म्हणजे जसं असतं तसं. रक्तदाब गोळीवर चालतो, मी सवयीवर चालते.

तुमचं मागचं पत्र पोचलं. मागची खोली रिकामी करून रंग दिलात, खिडकीला जाळी बसवलीत, माझ्या पुस्तकांसाठी फळी ठोकलीत. वाचून डोळे भरून आले. पण भाऊजी, मला त्या खोलीत यायचं नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला ओळीओळींत शोधत बसायला नको. पहिल्या तारखेपासून समुद्राच्या बांधावरची बस बंद होतेय. भरतीची पातळी मोजायचं आमचं केंद्र बांधाच्या टोकाला, घरापासून अकरा किलोमीटर, आणि सकाळी सातची नोंद सातलाच व्हावी लागते. आमच्या वरिष्ठांनी बोलावून सांगितलं, "बाई, स्वतःच्या वाहनाने येत असाल तर या, नाहीतर निवृत्तीचा अर्ज द्या. तुमच्या जागी यंत्र बसवू, त्याला बस लागत नाही." माणूस वाईट नाही, फक्त खरं बोलण्याआधी घसा खाकरत नाही. नोकरी गेली की मी या घरात एकटी काय करणार, असं तुम्ही सगळे म्हणणार, मलाही ते पटायला लागणार, आणि मग ती फळी ठोकलेली खोली आहेच. म्हणून मला मोटारसायकल घ्यायची आहे. कुठली घ्यावी याबद्दल तुमचा सल्ला हवा, त्यासाठी हे पत्र.

स्कूटर का नको, असं तुम्ही विचारणार. बांधावरचा रस्ता तुम्ही पाहिलेला नाही. त्यात खड्डे आहेत असं म्हणण्यापेक्षा खड्ड्यांत अधूनमधून रस्ता आहे असं म्हणावं. स्कूटरची छोटी चाकं त्यात उतरतात ती वर येत नाहीत. शिवाय उजव्या हाताला बाराही महिने समुद्र. पावसाळ्यात लाट अंगावर येते, हिवाळ्यात खारं धुकं येतं, उन्हाळ्यात दोन्ही वाळून त्याचं मीठ होतं. आमच्या केंद्रात दाराची बिजागरी दर वर्षी बदलावी लागते. तेव्हा गाडी अशी हवी, जी गंज धरणार नाही आणि कुठल्याही हवेत सकाळी सहाला चालू होईल. बाकी तिचा रंग, वेग, आवाज, यातलं मला काही नको.

ह्यांच्या जुन्या गाडीचं काय झालं, असं तुम्ही फोनवर विचारलं होतंत आणि मी विषय बदलला होता. ती उभ्याउभ्या संपली. हे होते तोवर दर रविवारी सकाळी तिला अंगणात घेऊन गोड्या पाण्याने धुवायचे, जुन्या बनियनने पुसायचे, साखळीला तेल आणि नटाबोल्टांना ग्रीसचं बोट. मी म्हणायचे, कधी माझ्या डोक्याला तेल लावलंत का एवढ्या मायेने? तर म्हणायचे, तू कुठे गंजतेस. हे गेल्यावर गाडी तीन वर्षं ताडपत्रीखाली राहिली. माझा तिला हात लागेना, आणि खाऱ्या वाऱ्याला तेवढंच हवं होतं. शेवटी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने हँडल धरून ओढली, तर गाडी त्याच्याबरोबर गेली आणि सायलेन्सर, नंबरची पाटी आणि डावा फूटरेस्ट अंगणातच राहिले. "काकू, हे पण नेऊ, का आठवण म्हणून ठेवताय?" म्हणाला. मी म्हटलं, ने बाबा. आठवणीला जागा लागत नाही, आणि तिला पाय अडकून कुणी पडतही नाही.

मग मी गंजाचा अभ्यास सुरू केला. (तुम्हाला माहीतच आहे, माझी शाळा आठवीत सुटली, पुढचं शिक्षण कपाटांतून झालं. जे कपाट उघडं सापडेल त्यातलं.) केंद्राच्या कपाटात जहाजांच्या देखभालीवरचं एक जाडजूड पुस्तक आहे. त्यात लिहिलंय की लोखंडाला जस्ताचा तुकडा लावून ठेवला तर खारं पाणी आधी जस्त खातं आणि लोखंड वाचतं. जहाजांच्या बुडाला असे तुकडे लावतात आणि झिजले की बदलतात. हे वाचून मी पुस्तक मिटलं. आमच्या घरात तो तुकडा मी आहे, असं मला वीस वर्षं वाटत होतं. तो तुकडा हे होते.

असो. गावात गाड्यांची तीन दुकानं. पहिल्यात टाय लावलेला विक्रेता आहे. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "मुलासाठी बघताय का, मॅडम?" मी पर्समधून चुंबक काढला. पुस्तकात लिहिलं होतं की स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही. माहितीपत्रकात सायलेन्सर स्टेनलेसचा म्हणून छापलं होतं, आणि माझा चुंबक त्याला असा चिकटला की सोडवायला दोघं लागलो. मग मी चार गिऱ्हाइकांसमोर त्याची शोभा केली. खोटं छापता, म्हाताऱ्या बाईला फसवता, सगळं बोलून घेतलं. तो बिचारा घाम पुसत म्हणत राहिला, "मॅडम, मायलेज तरी विचारा!" घरी येऊन पुस्तकाचं पुढचं पान उलटलं. तिथे लिहिलं होतं की स्टेनलेसच्या काही जाती अशाही असतात, ज्यांना चुंबक चिकटतो, आणि सायलेन्सर बहुतेक त्यांचेच करतात. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागून आले. अर्धवट शिकलेल्या माणसाचं असं होतं, भाऊजी. तो चुकत नाही, एक पान अलीकडे थांबतो.

तेव्हा ठरवलं की पुस्तकावर जायचं नाही, आपल्याला जे काम येतं त्याच पद्धतीने जायचं. मला रोज सातला बघून लिहायचं काम येतं. तिन्ही दुकानांतून त्यांच्या गाड्यांना लागतात तसले पाचपाच नटबोल्ट मागून आणले. (टायवाल्याने दिले आणि देताना दोन पावलं मागे सरकला. पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानातली मुलगी म्हणाली, "आजी, नुसते बोल्ट? बरं, गाडी हप्त्याहप्त्याने जोडणार का?" तिसऱ्या दुकानाच्या जाड चष्म्याच्या मालकांनी मोजून, नीट कागदात बांधून दिले.) केंद्राच्या गच्चीवर समुद्राकडच्या बाजूला एकावर एक अशा तीन तारा बांधल्या. सगळ्यांत वर टायवाल्याचे, मधे पंपाशेजारचे, खाली चष्मेवाल्यांचे. प्रत्येकाला चिठ्ठी. रोज सकाळी भरतीची पातळी लिहून झाली की वहीच्या मागच्या पानावर बोल्टांची अवस्था लिहायची. तीस दिवस.

आठव्या दिवशी वरच्या तारेला तांबूस झाक. बाराव्या दिवशी मधल्या तारेलाही. विसाव्या दिवशी वरच्या दोन्ही तारा विटेच्या रंगाच्या, आणि खालची? खालची नव्या नवरीसारखी. तिसाव्या दिवशी तशीच. मी तडक चष्मेवाल्यांच्या दुकानात गेले आणि म्हटलं, मालक, तुमच्या लोखंडाला तोड नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हे लिहून द्याल?" मी लिहून दिलं. तारीख, वाऱ्याची दिशा, पंधरा बोल्टांची अवस्था, खाली सही. त्यांनी ते काचेत बसवून गल्ल्याच्या मागे टांगलं.

एकतिसाव्या दिवशी मोठी भरती होती म्हणून मी संध्याकाळच्या नोंदीला थांबले. गच्चीवर गेले तर आमचे पहारेकरी ग्रीसची डबी घेऊन खालच्या तारेपाशी उभे. त्यांना सगळे टिंगूमामा म्हणतात. (उंची तुमच्या खांद्याच्याही खाली भरेल.) एकेक बोल्ट दोन बोटांत धरून, फुंकर मारून, ग्रीस लावून पुसत होते. मी विचारलं, मामा, हे काय करताय? तर म्हणाले, "काय म्हणजे? आपले मिस्त्री सांगून गेलेत ना, या वाऱ्यात लोखंड उघडं दिसलं की बोट फिरवायचं. रोज फिरवतो. वरच्या दोन तारांना माझा हात पुरत नाही, बाई. किती दिवस तुमच्याकडे स्टूल मागीन म्हणतोय."

मिस्त्री म्हणजे हे. केंद्राशेजारच्या पंपघरात अठरा वर्षं होते.

मला राग यायला हवा होता. महिन्याची मेहनत पाण्यात, वही पाण्यात, शिवाय दुकानात काचेत टांगलेली सही. मी खाली गेले, स्टूल आणलं, मामांना दिलं, आणि ते वरच्या तारेपर्यंत पोचेतो स्टूल धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी कागद परत मागायला गेले. सगळं खरं सांगितलं. चष्मेवाल्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पण बाई, तीस दिवस गंज चढला नाही हे तर खरं ना? मग राहू द्या की!" मी म्हटलं, ग्रीसचं लिहायचं राहिलंय. तेव्हा त्यांनी काच उघडून कागद काढला, पेन दिलं, आणि मी खाली एक ओळ वाढवली: रोज हात फिरवल्यास. तो कागद अजून तिथेच आहे.

तर भाऊजी, सल्ला द्या. टायवाल्याच्या गाडीला जोर जास्त आहे, चकाकीही जास्त, आणि चकाकतं तिथे आधी गंज चढतो असं माझं मत झालंय. पंपाशेजारची हलकी आहे, पण साखळी उघडी. चष्मेवाल्यांची दिसायला अगदी म्हैस, रंग मात्र जाड, साखळी पूर्ण झाकलेली, आणि बसल्यावर माझे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. तुम्ही विचार करून, घाई न करता लिहा. जाऊबाईंना आणि मुलांना माझी आठवण सांगा. गुडघा शेका.

तुमची,
वहिनी

ता. क. सल्ला पाठवण्याची तसदी घेऊ नका. म्हैस मंगळवारीच घेतली. अंगणात उभी आहे. काल गोड्या पाण्याने धुतली.

आणखी एक ता. क. ती घरापर्यंत दुकानातल्या माणसाने आणली, कारण मला चालवता येत नाही. हे वर लिहिणार होते, पण लिहिलं असतं तर तुम्ही पुढचं वाचलं नसतंत. शिकाऊ परवाना काढलाय, लेखी परीक्षेत एकही चूक नाही. क्लच डाव्या हाताला असतो हे मला पक्कं माहीत आहे. तो सोडल्यावर काय होतं हे काल अंगणात कळलं. तुळशीची तेवढी एक कुंडी गेली, मला काही झालेलं नाही.

शेवटचं. रविवारच्या गाडीने या. आठ दिवस पुरतील. टिंगूमामांना विचारून पाहिलं, त्यांचे पाय टेकत नाहीत. जाऊबाईंना स्कूटर शिकवताना तुम्ही काय काय बोललात ते त्यांनी मला सांगितलंय, त्यातलं इथे काही बोलायचं नाही. मला सूचना नकोत. अठरा वर्षं मी मागे बसून त्या बांधावरून गेले, एकेक खड्डा पाठ आहे, पण सगळा ह्यांच्या उजव्या खांद्यावरून पाहिलेला. समोरून तो रस्ता कसा दिसतो, मला माहीत नाही. पहिल्या तारखेला मी एकटी जाणार आहे. तोवर मागे कुणीतरी बसलेलं हवं.