अण्णांच्या रानात कंपनीची पाटी

२ सप्टेंबर
बियाणे कंपनीचं ऑनलाइन ट्रेनिंग. विषय — ध्येय, फोकस आणि मूल्यं! 'तुमची तीन मूल्यं लिहा.' मी लिहिलं — खरेपणा. दुसरं सुचेना, तेवढ्यात रेंज गेली. बरंच झालं.

संध्याकाळी साहेबांचा फोन. शिवार फेरी झकास झाली तर अख्खा पूर्णा तालुका माझ्याकडे! स्कूटीवर एवढी धूळ खाल्ली, तिचं सोनं होणार.

५ सप्टेंबर
शिवार फेरीत शेतकऱ्यांना दाखवायचं ते आमचं सोयाबीन मुंजाजी काकांच्या रानात आहे. साहेबांनी शेंगा शोधायला चष्मा लावला. तरी सापडेनात! काका म्हणाले, "बी तुमचं हाय साहेब, मी नुसतं पेरलं."

परतताना साहेबांनी गाडी थांबवली. हे रान कुणाचं? बांधापासून बांधापर्यंत शेंगाच शेंगा. माझ्या वडिलांचं, सुग्रीव अण्णांचं, मी ऐटीत सांगितलं. "मग पाटी इथंच लाव." झालं! ऐट तिथंच जिरली.

अण्णांचं बी घरचं. उन्हाळ्यात ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून स्वतः उगवण बघतात, आईलाही त्याला हात लावू देत नाहीत. कंपनीचा दाणासुद्धा त्या रानात नाही.

६ सप्टेंबर
अण्णांना विचारलं. "लाव की. खाली लिही — बी सुग्रीवचं, पाटी पोरीची!" आई हसून हसून बेजार. मग अण्णा गंभीर झाले. "माझ्या रानात लबाडी न्हाई चालायची, ज्ञानू."

९ सप्टेंबर
पाटी स्कूटीला बांधून हिंडतेय. चुडाव्याला एका आजोबांनी विचारलं, "बाई, इलेक्शनला उभ्या हाव का?"

१२ सप्टेंबर
साहेबांना सांगितलं — जमणार नाही. ते म्हणाले, "तुला मोठं व्हायचंय की नाही?" व्हायचंय! लय व्हायचंय! घरी येऊन आईजवळ ढसाढसा रडले. पाटी गोठ्यात भिरकावली. अण्णा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते, मला नंतर कळलं.

१६ सप्टेंबर
शिवार फेरी. टोप्या, पुरीभाजी, माइक. सगळे मुंजाजी काकांच्या रानाकडे निघालो. वळणावर बघते तर अण्णांच्या रानात पाटी! शेजारी कंपनीची टोपी घालून खुद्द अण्णा. टोपी लहान, डोकं मोठं.

साहेब खूश! माइक पुढे केला. बियाणं कोणतं?

अण्णा मातीकडे बघत म्हणाले, "कंपनीचं."

टाळ्या. मुंजाजी काकांचा घास तोंडातच राहिला. अण्णांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

१८ सप्टेंबर
तालुका मिळाला! आईने गल्लीभर पेढे वाटले. अण्णांनी त्यांचा पेढा कुत्र्याला घातला.

१९ सप्टेंबर
अण्णा आज जेवताना बोलले. "पुढच्या साली तुझ्याच कंपनीचं बी आण. म्हंजी मी बोललेलं खरं व्हईल."

आमचं बी कसं आहे, ते मला माहीत आहे! पाटी उपटून आणलीय. साहेबांना फोन लावलाय. रिंग जातेय.