उरलेलं उद्या

डोणगाव
३ ऑगस्ट २०२५

चि. अश्वजित यास,
कला आत्याचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

आपल्या घराण्यात ज्यांचं बोलणं शेवटपर्यंत कोणी ऐकून घेत नाही अशी माणसं दोनच. एक मी, कारण गळ्याच्या ऑपरेशनात माझा आवाजच काढून घेतला. दुसरा तू, कारण तू एकोणीस वर्षांचा आहेस आणि तुझा बाप पुंजाजी आहे. तेव्हा आपण तरी एकमेकांचं पुरतं ऐकावं, म्हणून हे पत्र. फोनवर तू हॅलो म्हणतोस आणि मी बोटाने टकटक करते, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. एवढ्यावर नवराबायकोचा संसार चालेल, आत्याभाच्याचा चालत नाही. आणि मोबाईलवर टाईप केलं की माझी वाक्यं लाईट बिलासारखी दिसतात.

दोन वर्षं माझ्याकडे राहून बारावी केलीस, सीईटी दिलीस, माझ्या गळ्यातली श्वासाची नळी रोज काढून, धुऊन परत बसवलीस. आता बापाने बोलावलं म्हणून गावी गेलास, ते ठीक. पण नर्सिंगच्या कॉलेजांची यादी भरताना जवळची चार टाकून थांबू नकोस. महाराष्ट्र मेहकरला संपत नाही.

माझी काळजी नको. शेजारची वच्छलाबाई येते, नळीचं ती बघते. माझ्या जुन्या शाळेने पंधरा ऑगस्टला बोलावलं आहे. तीस वर्षं भाषणाला बोलवायचे, आता खुर्चीवर बसायला बोलावतात. जाईन. नुसतं बसणं मला अजून नीट जमत नाही.

यादी शेवटपर्यंत भर आणि भरल्याचं कळव. लोभ आहेच, तो पोस्टाच्या भरवशावर सोडते.

तुझी
कला आत्या


गावाकडून, ता. मोताळा
१४ ऑगस्ट २०२५

ती. कला आत्यास,
अश्वजितचा सविनय जयभीम. वि. वि.

यादी शेवटपर्यंत भरली. तू सांगितलं म्हणून भरली, नाहीतर अकोला-बुलढाण्यावरच थांबणार होतो. जवळचं एकही लागलं नाही. कोल्हापूर लागलं, बी.एस्सी. नर्सिंग. तीस तारखेच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन तिथं हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली.

बाबांना सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. फवारणीचा पंप धुतलेलाच होता, तो पुन्हा धुवायला बसले. पावसाळाभर चालणारं वर्षावासाचं ग्रंथवाचन विहारात रोज संध्याकाळी बाबाच करतात, तुला माहीत आहे. परवा वाचन सुटल्यावर पायरीवर चपला घालताना गोकुळकाका म्हणाले, पुंजाजी, तुहा पोरगा सिस्टर होऊन राह्यला म्हंते, पांढरी साडी कोण घेईन त्याले. सगळे हसले. बाबाही हसले. घरी आल्यावर मात्र आईला म्हणाले, लोकायचं गू-मूत काढाले का पोरगा शिकवला? मोताळ्याच्या एका कृषी केंद्रावर माणूस पाहिजे, तिथं माझ्यासाठी बोलणं करून ठेवलंय.

खरं सांगू का आत्या, मीही फार भांडलो नाही. कोल्हापूर म्हणजे इथून एसटीने अख्खा दिवस. तुझ्या नळीचं कोण बघणार? वच्छलाबाईला तर कोंबडी कापलेली पाहवत नाही. ती येते का असं मागं फोनवर विचारलं तेव्हा तू टकटक एकदाच केलीस, पण थांबून केलीस. मला ते थांबणं ऐकू आलं.

म्हणून ही जागा सोडतो. पुढच्या वर्षी जवळचं लागेल. उत्तर पाठव, रागाचं असलं तरी चालेल, पण पाठव.

तुझा
अश्वजित


डोणगाव
१८ ऑगस्ट २०२५

चि. पुंजाजीस,
तुझ्या अक्काचा जयभीम.

खालचा मजकूर तुझ्या एकट्यासाठी नाही. आजचं वाचन संपलं की तो विहारात मोठ्याने वाच, सगळा वाच. शक्य तर माझ्यासारखा वाच. लहानपणी माझी नक्कल तुला चांगली यायची.

विहारात बसलेल्या माझ्या आयाबायांनो, भावांनो,

तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. आपल्या गावात नर्स मंगळवारी येते, आणि ताप मंगळवार बघून येत नाही. बाकी दिवस आपण जीप शोधतो. रुखमाबाई, तुमचा नातू रोहिणखेडच्या रस्त्यावर जीपमध्येच जन्मला. गोकुळ, तुझं साखरेचं इंजेक्शन तुझी नात मोबाईलवरचा व्हिडिओ बघून टोचते. आपण ग्रामसभेत ठराव केले, तहसीलसमोर बसलो, नर्स द्या म्हणून मी घसा फोडला. पण द्यायची कुठून? नर्स शेतात उगवत नाही. कोणाच्या तरी घरचं पोर निघून जातं, चार वर्षं परक्या गावात शिकतं, तेव्हा एक नर्स तयार होते. आज आपल्याच घरचं पोर निघालं, तर आपण पायरीवर उभं राहून त्याच्या साडीचा रंग ठरवतो.

हसण्यामागचं कारण मला कळतं. घाण उपसणं हे काम आपल्या आज्यापणज्यांच्या माथी मारलं गेलं, जबरदस्तीने आणि फुकट. त्याची चीड आपल्या रक्तात आहे आणि ती असलीच पाहिजे. पण ज्याने ते काम माथी मारलं त्याच्यावर चिडा. जो स्वतःच्या मनाने निवडून, शिकून, नाडी मोजून, औषधाचं माप ठेवून, ताठ मानेने पगार घेऊन दुखणाईताला स्पर्श करतो, त्याच्या कामाला हलकं म्हणाल तर ज्यांनी आपल्याला हलकं म्हटलं त्यांचीच भाषा तुमच्या तोंडात आहे.

आता शेवटचं. आमचा बाप बैलगाडीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. आई आधीच गेलेली. मी तेव्हा बुलढाण्याला डी.एड. करत होते. गावात सांगितलं होतं की बापाचं करायला भाड्याचा माणूस ठेवला आहे. भाड्याचा माणूस नव्हताच. पुंजा होता, अश्वजित आज आहे त्या वयाचा. त्याने बापाची कूस बदलली, त्याला धुतलं, पुसलं, भरवलं. पाहुणा आला की आतलं दार लावून घ्यायचा, कोणाला दिसू नये म्हणून. बाप गेला तेव्हा त्याच्या पाठीवर एक जखम नव्हती. मी मास्तरीण झाले ती त्या बंद दारामुळे.

हे तुम्हाला वाचून दाखवणारा माणूस तोच आहे. त्याच्याकडे बघा, आणि मग हसायचं असेल तर हसा.

तुमची
कलाबाई


गावाकडून
२६ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
पुंजाजीचा जयभीम. वि. वि.

अक्का, तू मले विचारून लिहाले पाहिजे होतं. वरच्या दोन ओळी वाचल्या, खालचं आधी वाचलं नाही, कागद तसाच विहारात नेला. जीपपर्यंत वाचलं, साडीपर्यंत वाचलं, गोकुळ खाली पाहाले लागला. पुढं बापाचं नाव दिसलं तशी कागदाची घडी केली आन म्हटलं, उरलेलं उद्या वाचू.

दुसऱ्या दिवशी विहारात पाय ठेवाले जागा नाही. एवढी माणसं वर्षावासात मी कधी पाह्यली नाही. ग्रंथाचं वाचन झालं तरी कोणी उठेच ना. रुखमाबाई म्हणे, वाच ना बाबू, कलीचं राह्यलेलं. मंग वाचलं. बंद दाराच्या ओळीपर्यंत आलो आन माहाच आवाज बसला. रुखमाबाईच बोलली. म्हणे, मले तं तवाच माहीत होतं, नाल्यावर गोधड्या धुवाले कोण जाये ते मी पाहत नव्हती का? गावाले माहीत हाय, तूच दार लावून बसला. अक्का, एवढी वर्षं मी ते लपवत राह्यलो, आन लपलेलं काहीच नव्हतं.

कोणी हसलं नाही. गोकुळ घरी आला आन पोराले म्हणे, शिकून आला का पयले मले टोच, नात लय दुखवते. कृषी केंद्रवाल्याले मी नाही म्हणून सांगितलं. उद्या पोराले घेऊन कोल्हापूरले निघतो. तो तुह्या नळीचंच बोलते. त्याले म्हटलं, तुह्या आत्याले तू थांबलेला चालणार नाही, तिनं सगळ्या गावाले हालवलं तुह्यासाठी.

तुह्याकडं दोन वर्षं आलो नाही. दवाखान्यात तू तोंड हालवलं आन आवाज आला नाही, तवापासून तुह्यासमोर काय बोलावं मले सुचत नाही. आपल्या घरचं सगळं बोलणं तूच बोलत होती. मी येईन. कधी ते लिहीत नाही, लिहिलं का तू वाट पाहत बसशीन. तुरीची डाळ पाठवतो. मनात राग ठेवू नको, मी बी ठेवत नाही.

तुहा
पुंजा


डोणगाव
२८ सप्टेंबर २०२५

चि. अश्वजित यास,
कला आत्याचा जयभीम आणि आशीर्वाद.

होस्टेलवरून लिहिलेलं पत्र मिळालं. मले-तुले म्हटलं की तिथली पोरं हसतात, म्हणून तू आता गप्प असतोस. वर्गात मुलगे मोजकेच, खोलीतला सोबती दर शनिवारी घरी जातो, आणि जेवणानंतर ते इंग्रजी पुस्तक उघडून बसलास की पान पुढे सरकत नाही. परत यावंसं वाटतं असं तू लिहिलं नाहीस. दोन ओळी लिहून खोडल्या आहेत, त्या मी उजेडात धरून वाचायचा प्रयत्न केला नाही.

तू खरं लिहिलंस, तर मीही लिहिते. वच्छलाबाईचं खोटं होतं. ती एकदाच आली, नळी पाहिली आणि तिलाच बसवून पाणी द्यावं लागलं. तू गेलास त्या दिवसापासून माझं मीच करते. ऑपरेशननंतर मी आरसा भिंतीकडे तोंड करून टांगला होता आणि तो वळव म्हणून तू मागे लागायचास. वळवला. पहिल्या खेपेला नळी काढताना असा खोकला आला की ती धुवायचा ब्रश हातातून उडून चुलीमागे गेला. आता जमतं. गळ्यातल्या भोकाशी ओळख झाली आहे, मैत्री नाही.

तुझा बाप अजून आला नाही. डाळ आली. ती शिजायला लागली की घरात आणखी कोणीतरी आहे असा वास येतो, म्हणून एकटीसाठीही मी जरा जास्तच टाकते. इथल्या विहारात मी वाचायचे ते वाचन यंदा एक कॉलेजची मुलगी करते. चांगलं वाचते. मी मागच्या रांगेत बसते आणि ती कुठे चुकते का हे बघते, ती चुकत नाही. वर्षावास आता संपत आला. मग तेवढंही ऐकायला मिळणार नाही. घरी आले की नळीतून जाणाऱ्या-येणाऱ्या माझ्याच श्वासाचा आवाज ऐकत बसते. ज्या बाईने चौकाचौकात हजार माणसांना गप्प केलं, तिला स्वतःच्या घरातली शांतता उरकत नाही.

तेव्हा अश्वजित, आपली तक्रार पुन्हा एकच निघाली. तुझं बोलणं ऐकणारं तिथं कोणी नाही, आणि माझ्याशी बोलणारं इथं कोणी नाही. यावर रडगाणं गाणं मला पसंत नाही. जेवण झालं की मला फोन लावायचा. हॅलो म्हणू नकोस, तब्येत विचारू नकोस. ते पुस्तक उघड आणि एक पान मोठ्याने वाच. मग त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांग, खुशाल मले-तुले करत सांग, खोलीतल्यांना हसू दे. समजलं तर मी एकदा टकटक करीन. दोनदा केली, तर पुन्हा सांगायचं. मला कळेपर्यंत सांगत राहिलास की तुलाही कळलेलं असेल. पान संपलं नाही, तर उरलेलं उद्या.

वाट पाहते, हे मी लिहूनच टाकते. पत्र हातात पडेल त्याच संध्याकाळी फोन लाव.

तुझी
कला आत्या