मे महिन्यात मी घरी नसेन

मु. पो. कट्टा, ता. मालवण, जि. रत्नागिरी
शिमगा आटपून दुसरा शुक्रवार, १९६४

तीर्थस्वरूप सौ. वन्सं यांच्या पायांवर धाकट्या भावजयीचा, म्हणजे नर्मदेचा, वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून अर्धीच वाकले, उरलेला नमस्कार पोचला असे समजावे.) इकडे सर्व ठीक. म्हैस व्याली, पण रेडा झाला. काजू बरे लागले आहेत आणि माकडांनाही ते कळले आहे. तुमचे भाऊ खुशाल आहेत. आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात मोठी शांतता आहे आणि माझी प्रकृती सुधारली आहे. तुमचे गुडघे काय म्हणतात? यजमानांचा खोकला कमी आहे ना? त्यांना आडुळसा पाठवते, पण तो ते पीत नाहीत आणि तुम्ही खिडकीतल्या तुळशीला घालता, हे मला ठाऊक आहे.

तुमचे पत्र मिळाले. दरवर्षीप्रमाणे मे महिन्यात सर्व मंडळी येणार, दोन्ही मुलगे, सुना, नातवंडे आणि यंदा बिऱ्हाडाशेजारचे एक कुटुंबसुद्धा, हे वाचून आनंद झाला. (आनंद होतोच. गेली सव्वीस वर्षे झाला आहे.) पण त्याच्याखाली तुम्ही एक ओळ लिहिली आहे : ‘नर्मदे, तुझं बरं आहे हो, बारा महिने सुट्टीच्या जागी राहतेस.’ तेव्हा मी नारळ खोवत होते. खोवता खोवता ती ओळ तीनदा वाचली आणि नारळ तसाच अर्धा टाकून उठले. मनात आले, की मुंबईची माणसे सुट्टीला आमच्याकडे येतात, मग आमच्याकडच्या माणसांनी सुट्टीला कुठे जायचे? तुमच्या भावांना विचारले. त्यांनी विडी काढली, पेटवली, आणि कोणाला सुट्टी हवी आहे, असे मलाच विचारले. मला, म्हटले. तेव्हापासून जे सुरू झाले ते अजून चालू आहे.

वन्सं, तुम्ही मोठ्या, रागवायचा तुमचा अधिकार. तरी स्पष्टच लिहिते. यंदा मे महिन्यात मी घरी नसेन. मी देश बघायला जाणार आहे. आमच्या शाळेचे शंकर मास्तर शाळेतला भिंतीवरचा नकाशा गुंडाळून घरी घेऊन आले, ओटीवर पसरला, कोपऱ्यांवर चार नारळ ठेवले आणि काठीने दाखवू लागले. इथे बेळगाव, इथे म्हैसूर, इथे थंड हवेचे उटी, मग खाली उतरून कोची, आणि एकदम टोकाला कन्याकुमारी. एवढ्यात तीन वेळा भाषा बदलते म्हणाले, तीन वेळा लिपी बदलते, आणि भात मात्र शेवटपर्यंत भातच राहतो. भाषेची मला भीती नाही. तुमच्या धाकट्या सुनेचे बोलणे तरी मला कुठे कळते? (चांगली मुलगी आहे. पण ती नागपूरची.) मास्तर सांगत होते, कोचीलाही आपल्यासारखेच माड, समुद्र आणि नारळ वाटून केलेली माशाची आमटी. हे ऐकल्यावर तुमच्या भावांना जोर आला. ते म्हणाले, “माड बघूक केरळात कित्याक जावक व्हया? मागीलदारी जा आणि वर बघ.”

मी म्हटले, “थयल्या माडांखालचो पातेरो माका झाडूचो नाय.”

मास्तरांनी नकाशा गुंडाळला आणि चहा न घेताच गेले.

मग गावात ही बातमी पसरली आणि जे व्हायचे तेच झाले. मी रामेश्वरला निघाले, असे सर्वांनी ठरवून टाकले. शेजारची हौसाबाई खण, नारळ आणि हळदकुंकू घेऊन हजर. नवस तिच्या सासूचा, ती वारून दहा वर्षे झाली, पण देव विसरत नाही म्हणे. तिच्यामागून आनंदीबाई आल्या, त्यांना समुद्रात सोडायला चांदीचा मासा द्यायचा होता. एकाने तर वडिलांच्या नावाने तिथे पिंड घालून यायला सांगितले, जसे काही मी कट्ट्याच्या बाजारात जाते आहे आणि येताना मीठ आणायचे आहे. मी प्रत्येकाला सांगितले, की मी रामेश्वरला जात नाही, कुठल्याच देवाला जात नाही, मी नुसती फिरायला जाते आहे. कोणाला पटेना. हौसाबाई चांगली बाई, पण तिच्या डोळ्यांत पाणी आले. “गो, इतक्या लांब जातलंस आणि देव चुकवून येतलंस?” म्हणाली. वाईट वाटले हो. पण खण घेतला नाही. एकदा एक खण घेतला असता तर माझ्या सुट्टीची यात्रा झाली असती, आणि यात्रेत बाईने उपास करायचे असतात, खिडकीशी बसून भजी खायची नसतात.

तुमच्या भावांचे शेवटचे हत्यार असे, की जी बाई सावंतवाडीपलीकडे एकटी गेली नाही ती कन्याकुमारीला काय जाणार. म्हटले, थांबा. रंगीत तालीम करून दाखवते. गोवा मोकळा झाल्यापासून सगळा गाव तिकडे जाऊन आला : कोणी मंगेशीला, कोणी लग्नाला, कोणी बाटलीला (नावे लिहीत नाही, त्यातले एक तुमच्या माहेरचे आहे). मी सावंतवाडीला मावसबहिणीकडे रात्र काढली, सकाळची गाडी धरली, बेतीला फेरीबोटीत बसले आणि पणजीत उतरले. एकटी. दुपारपर्यंत हिंडले, नदीकाठी डबा खाल्ला आणि परतीच्या गाडीत बसले. झाले. इथपर्यंत सांगण्यासारखे काही घडले नाही.

घडले ते इन्सुलीच्या नाक्यावर. तिथे गाडी थांबवून दारू तपासतात. एक पोलीस वर आला. माणूस तरुण, घाटावरचा, मिशी नवीन. त्याने मला विचारले, गोव्यात कोणाकडे गेला होता? मी आपले ठेवणीतले शुद्ध मराठी काढले आणि सांगितले, कोणाकडे नाही. मग देवदर्शनाला? नाही. खरेदीला? नाही. दवाखान्यात? तेही नाही. मग कशाला, तर गोवा बघायला. तो म्हणाला, गोवा बघून कोणी रिकामे येत नाही, आणि त्याने माझी पिशवी उघडली. आत फिरकीचा तांब्या. त्यात गूळ घातलेले कोकमाचे सरबत होते, आदल्या सकाळी केलेले, आणि दोन दिवसांच्या उन्हात त्याचे आत काय झाले होते ते मला तरी काय ठाऊक? त्याने फिरकी फिरवली मात्र, तांब्या फस्‌ करून उसळला आणि त्याची खाकी छातीपासून पट्ट्यापर्यंत लाल झाली.

मला खाली उतरवले. गाडी खोळंबली. कंडक्टर घड्याळ बघू लागला. खिडकीतून एक म्हातारी मला हळूच सांगू लागली, “मंगेशीक गेल्लंय म्हणान सांग गो, सुटतलंस.” वन्सं, खरे सांगते, जिभेच्या टोकावर आले होते. मंगेशी म्हटले असते तर त्याने हात जोडून गाडीत बसवले असते. पण ज्या देवळाचा कळससुद्धा पाहिला नाही त्याचे नाव कशाला घेऊ? आणि मुख्य म्हणजे, मी काय चोरी केली होती?

मी म्हटले, “मी सुट्टीवर आहे.”

“सुट्टीवर? नोकरी कुठे करता?”

“घरी.”

त्याने छातीवरचे सरबत पुसले. मग म्हणाला, “घरच्या कामाला सुट्टी असते?”

“नसते. म्हणून मी घेतली.”

गाडीतल्या बायका हसल्या. आधी एक, मग सगळ्या. त्याने तांब्याचा वास घेतला, बोट बुडवून चाखले, तोंड वाकडे केले आणि मला जायला सांगितले. तांब्याही परत दिला. पण ‘बाई, खरंच नुसतं बघायला?’ असे त्याने शेवटी पुन्हा विचारलेच. त्याला अजून खरे वाटलेले नाही.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती, की नर्मदा दारूसकट सापडली. हौसाबाई सांत्वनाला आली होती. तुमचे भाऊ दारापुढच्या खळ्यात बसले होते. सगळी कहाणी ऐकून घेतली, हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, “गोंय कसा वाटला?” मी म्हटले, नदी खूप मोठी आहे. “आपल्या कर्लीपेक्षा?” म्हणाले. हो, कर्लीपेक्षा. मग ते म्हैस बांधायला उठले, आणि तेव्हापासून बोलत नाहीत.

तर ठरले ते ठरले. तुम्ही सर्वांनी खुशाल यावे, घर तुमचेच आहे. तांदूळ कोठीत, कुळथाचे पीठ निळ्या डब्यात, सुकी मासळी शिंक्यावर. चूल धुरते, तिला पुढून नाही, बाजूने फुंकावे. तुमच्या सुना हुशार आहेत आणि तुमच्या भावांना पेज करता येऊ लागली आहे, म्हणजे करपवता येऊ लागली आहे. मी कोणाचे ऐकणार नाही. तुमचेही नाही, नमस्कार करून सांगते.

लहानथोरांस यथायोग्य.

आपली आज्ञाधारक (मे महिना सोडून),
नर्मदा

ता. क. – वर सगळे झोकात लिहिले, पण एक गोष्ट राहिली. पणजीला नदीकाठच्या बाकावर एक म्हातारी किरिस्ताव बाई बसली होती. फ्रॉक घातलेला, केस कापलेले, आपल्याच वयाची. शेंगदाणे खात होती आणि पाय हलवत होती, लहान पोरीसारखे. बराच वेळ. तिला कोणी हाक मारली नाही. मी वळून म्हटले, ‘वन्सं, ती बघा.’ बाजूला कोणीच नव्हते. तुम्हीच का तोंडात आलात कोण जाणे. सव्वीस वर्षे आपण एकमेकींना धड बोललो नाही, जे बोललो ते आमटीत मीठ किती यावर.

दुसरे असे, की गावचा जो कोणी मुंबईला जातो, नोकरीला, दवाखान्याला, गणपतीच्या खरेदीला, तो तुमच्या खोलीत उतरतो. भाकऱ्या तुम्ही भाजता. तेव्हा तुम्हालाही सुट्टी कुठे असते? मे महिन्यात इथे येऊनही पहाटे माझ्याआधी उठून फणस कापायला बसता. म्हणून मास्तरांना गाडीच्या दोन जागा राखायला सांगितले आहे. गुडघ्यांना चालेल असे बेताने फिरू. बेळगावला तुमची वाट बघते.

पुन्हा ता. क. – तुम्ही नाही म्हणालात तरी मी जाणारच. पण नाही म्हणू नका.