बेलोच्या नाकावरची गोळी

तीर्थरूप मामांस लिओनहार्टचा नमस्कार. थंडीने तुमचा गुडघा धरलाय असं मामींनी कळवलं होतं, एव्हाना उतार पडला असेल. इकडे मी, लेक वालबुर्गा आणि खोगिरांचं दुकान, तिघंही ठीक. (वालबुर्गा माझ्याशी बोलत नाही, पण तब्येत उत्तम आहे.)

यंदाची नेमबाजी कशी झाली, असं विचारलंत. मामा, आमची आम्ही करत होतो तोवर ती नेमबाजी होती. यंदा तिला ड्यूकसाहेबांनी आश्रय दिला. राजाश्रय म्हणजे काय, तर बंदुका आमच्या, शिसं आमचं, बिअर आमची आणि भाषण त्यांचं. (शौर्यावर बोलले. घोड्यावरून उतरवायला दोन माणसं लागली होती.) सोबत दरबारी मंडळी, नुसती खोगीरभरती. पण एक घोषणा मात्र कामाची केली: सर्वांत चांगला नेम ज्याचा, त्याला वनपालाची रिकामी जागा, जंगलातल्या घरासकट, जन्मभरासाठी. आमच्या होणाऱ्या जावयाला, फाइटला, हीच जागा हवी होती. पोटापाण्याची सोय दाखवल्याशिवाय आमची नगरसभा लग्नाचा परवाना देत नाही, आणि वालबुर्गा कधीची त्याच्यासाठी थांबली आहे. गावात फाइटच्या तोडीचा नेम कुणाचा नाही. तेव्हा लग्न झाल्यातच जमा होतं.

मग निशाणाच्या फळीवरचं कापड काढलं. दरवर्षी फळीवर एखादं हरीण रंगवलेलं असतं. यंदा डचेसबाईंनी स्वतःच्या हाताने आपला लाडका कुत्रा बेलो रंगवला होता, आणि त्याचं नाक बरोबर फळीच्या मधोमध! वर थोडे ढग. खरा बेलो मंडपात बाईंच्या पायाशी बसलेला. आता सांगा, कुठला शहाणा त्या नाकात गोळी घालेल? मी फाइटला बाजूला घेतलं.

"जागा देणारा हातच त्या कुत्र्याला कुरवाळतोय, दिसत नाही का? ढगात मार."

"पण काका, मध्यावर मारा असं ते स्वतःच म्हणाले की!"

"मोठ्यांचं बोलणं इतकं मनावर घ्यायचं नसतं रे!"

पोरगा गुणी. निमूटपणे ढगात मारली. माझी कुजबूज शेजाऱ्यांच्या कानी गेली, मग त्यांनीही ढगातच मारल्या. पाववाल्याने तर जास्तच आदर दाखवला आणि फळीच्या पलीकडचं नासपतीचं झाड फोडलं. शेवटी ड्यूकसाहेब ओरडले, "अरे, या गावाला पाऊस पाडायचाय की काय?"

शेवटचा मी. मीही ढगावरच रोखली होती. पण माझी गोळी मी रोखतो तिथे आजवर कधी गेली आहे? बेलोच्या नाकात बसली! डचेसबाई उठल्या, फळीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. ते नाक मला जमतच नव्हतं." ड्यूकसाहेबांनी टाळ्या पिटल्या, जिंकणाऱ्याला मिळणारी, नेमबाजांच्या राजाची चांदीची साखळी माझ्या गळ्यात घातली आणि मला वनपाल करून टाकलं. देवळाच्या पायऱ्या चढताना ज्याला धाप लागते, त्याला! घरी आल्यावर वालबुर्गा एवढंच म्हणाली, "बाबा, कुत्रा चित्रातला होता." तेव्हापासून अबोला. मला वाईट वाटतं मामा, फार वाटतं. आग लागो असल्या राजाश्रयाला.

तुमचा भाचा,
लिओनहार्ट

ता. क. तुम्ही थोरल्या ड्यूकसाहेबांच्या बागेत इतकी वर्षं काढलीत, वाड्यावर तुमच्या शब्दाला मान आहे. एवढं लिहाच: भाच्याला दूरचं दिसत नाही, गोळी चुकून लागली, नेमबाजी पुन्हा घ्यावी. मीच लिहिलं असतं, पण बिअरखान्यात रोज कुणीतरी विचारतं, आणि नाकावरच नेम धरला होता असं मी सांगून बसलो आहे. मात्र पत्र संत मार्टिनच्या सणानंतर धाडा. सणाला नेमबाजांच्या राजाची मिरवणूक असते.

आणखी ता. क. आजोबा, मी वालबुर्गा. पत्र टपालात टाकायला बाबांनी माझ्याचकडे दिलं, म्हणून वाचलं. सणापर्यंत थांबू नका. जंगलातल्या घराची किल्ली त्याआधीच बाबांच्या हाती येणार आहे, मग पुन्हा नेमबाजी कोण घेतंय? आजच लिहा. मिरवायची एवढी हौस असेल तर माझ्या वरातीत चालू दे त्यांना पुढे.