पानावरचं जेवण

आई, तू गेलीस तेव्हा मी चौथीत होतो, आणि तुझ्यासाठी रोज केळीचं पान कापून आणायचं काम माझं होतं. बाबा गेले, मग तुझ्याही रिपोर्टात एचआयव्ही निघाला, नि काकूनं तुझी ताट-वाटी उकिरड्यावर फेकली. आपल्या रावेरकडे केळीच्या पानाला काय तोटा? ओट्याच्या कोपऱ्यात तू पानावर जेवायचीस. गल्लीतल्या बायका काकूला म्हणायच्या, "जावेचे काय लाड गं, रोज पंगत!" पान धुवावं लागत नाही, फेकून देता येतं, एवढाच तो लाड. तू हसायचीस. घास करून हात पुढे करायचीस, "ये रे, एक घे." मी लांबूनच म्हणायचो, "जेवलो मी."

तुझ्या सुनेला चौथा महिना आहे. हिच्यासाठी मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, तिच्या भावांचा मार खाल्ला, नरडाण्याला कंपनीत पोती उचलली. दिवस गेले म्हणून तिला घरी काकूकडे आणलं. आज दवाखान्यात रिपोर्ट मिळाले. तिचा पॉझिटिव्ह, माझा निगेटिव्ह. मी टेबलावर मूठ आपटली, "कुठून आणलंस हे?" समुपदेशन करणाऱ्या ताईंनी मला दटावून बसवलं. "पळवून आणताना हिंमत होती ना? मग आता ऐका. तिनं रोज गोळ्या घेतल्या तर बाळ चांगलं जन्मू शकतं. कुठून आलं हे विचारून बाळाला काय मिळणार? एका ताटात जेवा, काही होत नाही. आणि तिला विचारल्याशिवाय घरात कुणाला सांगू नका." एका ताटात म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. ओरडलो, "माझ्या आईच्या वेळी कुठे होता तुम्ही?" ताई म्हणाल्या, "मी तेव्हा शाळेत होते, दादा. आज तुम्ही आहात ना?"

घरी आलो, ती मागच्या दारी हातपाय धुवायला गेली, नि त्याच रागात मी काकूला सगळं सांगून टाकलं. तुझ्यासाठी भांडायला निघालो होतो मी. "आईला ताटात वाढलं असतंस तर काय मेली असतीस?" असं विचारलंही. धुळ्याकडची काकू, तिनं आवाजसुद्धा चढवला नाही. भाकरी थापता थापता विळा माझ्याकडे सरकवला. "पान कापी लय भाऊ. तुले सवय शे."

आई, मी कापून आणलं.

मला वाटलं, तुझी सून रडेल. ती तर हरखलीच. "अय्या, आज काय सण? डोहाळ्यांचे लाड का?" तुझ्या पानाचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. भरीत-भाकरीचा घास करून तिनं हात पुढे केला, "घे ना, एक." मी दारातूनच म्हणालो, "जेवलो मी."

आता ती गोळी घेऊन पडली आहे, पान उकिरड्यावर आहे, आणि हे पत्र मी कुठल्या पत्त्यावर टाकू? एकच सांगायचं होतं. आज मी जेवलो नव्हतो. तेव्हाही जेवलेलो नसायचो.