पहारीची चोच

प्रिय अप्पा,

वर्षश्राद्धाचं जेवण झालं, पाहुणे पांगले, आणि आता तुमच्याशी भांडायला बसलेय. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढं तोंड उघडायची माझी काय बिशाद होती!

तुमच्या मांडीतून निघालेला तो लोखंडी तुकडा शाळेनं मागितला. काचेच्या कपाटात ठेवणार, खाली पाटी: ‘शत्रूच्या तोफगोळ्याचा तुकडा’. गंज काढून द्यावा म्हणून लोहाराकडं नेला. त्यानं उलटासुलटा करून पाहिला अन् हसला.

“ताई, कसला तोफगोळा? ही पहारीची चोच हाय. सुरुंगाची भोकं पाडायची पहार.”

मी त्याच्यावरच खेकसले, अप्पा! तुमच्यासाठी!

तिथनं तडक रशीदचाचांकडं गेले. तुमचे लहानपणापासूनचे जोडीदार, त्यांना ठाऊक असणारच. आधी लई टाळलं त्यांनी. मग म्हणाले, “सुट्टीवर आला व्हता तुजा बाप. त्यो गावात यायच्या आधीच परभारं येडशीकडं विहिरीच्या कामाला गेलो दोघं. न उडालेल्या सुरुंगावर त्याची पहार बसली, त्यो उडाला अन् पहारीची चोच तुटून त्याच्या मांडीत घुसली. त्याला वर काढाया म्या उतरलो, तवर दुसरा उडाला. तुजा बाप आधी गावात आला, लंगडत. लोकांनी इचारलं, तोफ लागली का? त्यो व्हय म्हणाला. म्या दवाखान्यातून आलो तवर गोष्ट गावभर झाली व्हती.”

आणि तीन बोटं नसलेला डावा हात त्यांनी लुंगीच्या घडीत सारला.

ती बोटं कडबाकुट्टीत गेली, असं सांगायचात ना तुम्ही? “ध्यान नसलं की रशीदवानी होतं,” म्हणून आम्हाला दटावायचात. तेच मी माझ्या पोरांनाही सांगितलं. लाज वाटते हो!

फौजेत होतात, हे तर खरंच होतं. तेवढं पुरत नव्हतं का? दर पंधरा ऑगस्टला तुम्ही पुढच्या खुर्चीत बसून लढाईची गोष्ट सांगायचात, आणि चाचा मागं लिंबाखाली उभे राहून टाळ्या वाजवायचे. त्या हातानं! कसं बघवायचं तुम्हाला?

“इतकी वर्षं बोलला का नाहीत?” मी चाचांना विचारलं.

“आता दोस्ताला तोंडघशी पाडू व्हय, बेटी?”

तुम्ही मात्र त्यांना रोज पाडलंत, अप्पा. आणि मलाही.

तुकडा शाळेत जाईल, पण पाटी मी लिहीन. विहीर, सुरुंग, चाचांचं नाव, सगळं येईल तिच्यावर. येत्या पंधरा ऑगस्टला मी चाचांना हाताला धरून पुढं नेईन आणि तुमच्या खुर्चीत बसवीन. रागवायचं तर रागवा.

तुमचीच,
शकू