दारातून विचारणारे डॉक्टर

सोमवार
पोरी, इतक्या उशिरा लिहायला बसलो म्हणून रागावू नकोस. तू वही दिलीस तेव्हा रोज लिहीन म्हणालो होतो. पण सामान लावण्यात आणि तुझ्या आईची उशी वर-खाली करण्यात दिवस कसे गेले कळलं नाही. शिवाय माझं अक्षर तुला ठाऊक आहे, चौथीच्या पुढे गेलंच नाही.

इथलं मात्र झकास आहे. गावातला दवाखाना छोटा, पण लख्ख. मागच्या खोलीत चार खाटा. खिडकीजवळची तुझ्या आईची, बाकीच्या तीन रिकाम्या. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले, पण इथे निदान गर्दी नाही, खेकसणं नाही. डॉक्टर तरुण, गोड बोलणारे. तापाच्या पोरांना कडेवर घेऊन हसवतात. आमच्याकडे रोज सकाळी येतात आणि दारात उभे राहून विचारतात, बरं आहे ना? आत येत नाहीत. तुझ्या आईने त्यांचं नाव उंबरठेसाहेब ठेवलंय. मी म्हटलं, हळू बोल, ऐकतील. म्हणाली, ऐकायला आत यावं लागतं.

बुधवार
कालपासून तिच्या पाठीतली कळ वाढली. गोळीने काही होत नाही. सिस्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, आजोबा, इथे दुखतंय म्हणायचं नाही. ऐकलं की डॉक्टर कावरेबावरे होतात, मग दाराशीही फिरकत नाहीत. या खाटांवरची माणसं शेवटपर्यंत बरं आहे म्हणत गेली. मग मीही तुझ्या आईला म्हटलं, तेवढं म्हण बाई. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि डॉक्टर दारात आल्यावर म्हटलं, बरं आहे.

आवाज एकटीचा नसून चार-पाच जणांचा मिळून आल्यासारखा वाटला. रिकामी खोली घुमते, तसंच असेल.

शुक्रवार
धीर करून डॉक्टरांकडे गेलो. मोठ्या दुखण्यावरचं औषध कपाटात आहे, कुलपात. द्यायची भीती वाटते म्हणाले. श्वास अडला तर? सवय लागली तर? मी म्हटलं, साहेब, जाणाऱ्या बाईला सवय लागून लागून किती लागणार? ते म्हणाले, आजोबा, आम्हाला माणूस वाचवायला शिकवलं, न वाचणाऱ्याजवळ बसायला कुणी शिकवलंच नाही. पोराची कीव आली. पण कबूल झाले. उद्या दारातून विचारतील. तिने स्वतः दुखतंय म्हटलं, तर आत येऊन सुई देतील.

तुझी आई म्हणाली, एवढंच ना? गाव जागं होईल असं सांगते.

शनिवार
तिने सांगितलं. मी शेजारीच होतो, तिचे ओठ पाहिले. दुखतंय, म्हणाली.

पण आधी भिंतीकडच्या खाटेवरून आलं, बरं आहे. घोगरा, पुरुषी आवाज. मग मधल्या खाटेवरून. मग दाराजवळून, म्हातारीचा. चादरींवर सुरकुती नाही, पोरी. तिचा शब्द त्यात बुडून गेला.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. हसले आणि गेले.

सिस्टरबाईंना विचारलं. चादरीची घडी घालता घालता म्हणाल्या, तुम्हालाही ऐकू आलं का? ती मेलेली माणसं आहेत, आजोबा. त्यांची सवय सुटत नाही.

रविवार
डॉक्टरांचे पाय धरले. शपथ घेऊन सांगतात, तुमच्या बाईनेच बरं आहे म्हटलं. तिच्याच आवाजात.

ती आता बोलत नाही. चादर दातात धरते. माझं बोट सोडत नाही.

सोमवार
ठरवलं होतं, ती नाही बोलली तरी मी ओरडेन. दारातच उभा राहिलो. डॉक्टर आले. विचारलं. मी तोंड उघडलं —

बरं आहे.

माझा आवाज. मी म्हटलं नाही, पोरी. पुन्हा जोर केला — पुन्हा तेच. त्यांचा हात धरून आत ओढायला गेलो, तर ते म्हणाले, छान, छान — आणि गेले.

बोलता येत नाही. हात अजून माझं ऐकतो. वही दूधवाल्याकडे देतो. आत येणारा डॉक्टर शोध. खाटेवर बसेल असा. दारातून विचारेल असा नको. नोकरी राहू दे, तू ये. तुझ्या आईला फार — तुझ्या आईला बरं आहे — नाही, नाही, हे मी लिहिलं नाही — पोरी, डॉक्टर पाठव, लवकर पाठ—